सिरोंचा

सिरोंचा हे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील प्राणहिता नदीच्या डाव्या काठावर वसलेले तालुक्याचे गाव आहे. प्राणहिता आणि गोदावरी यांचा संगम गावाच्या थोडा खाली होतो. नदीच्या पलीकडे तेलंगण आहे, तर तालुक्याच्या पूर्व सीमेवरून वाहणाऱ्या इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. तीन राज्ये आणि तीन मोठ्या नद्या जिथे एकमेकींना भिडतात, असे तालुक्याचे दुसरे ठिकाण महाराष्ट्रात सापडणे कठीण. आज जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे आडवळणी गाव म्हणून ओळखले जाणारे सिरोंचा १९ व्या शतकात काही वर्षे एका संपूर्ण जिल्ह्याचे मुख्यालय होते. ते पद त्याला नदीमुळे मिळाले आणि नदीचा उपयोग संपल्यावर गेले.

भूगोल आणि संगम

मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा भंडारा, पवनी, आरमोरी, मार्कंडा असा प्रवास करीत दक्षिणेकडे येते. आरमोरीच्या परिसरात तिला गाढवी आणि खोब्रागडी या नद्या मिळतात. पुढे चपराळा अभयारण्याजवळ तिचा वर्धा नदीशी संगम होतो आणि तेथून या संयुक्त प्रवाहाला ‘प्राणहिता’ हे नाव लाभते. पैनगंगा वर्धेला आधीच मिळालेली असल्याने प्राणहितेच्या पात्रात विदर्भाच्या मोठ्या भागाचे पाणी एकवटलेले असते. नावाने ही नदी सुमारे ११३ किलोमीटरच वाहते, परंतु तिचे पाणलोट क्षेत्र एक लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. गोदावरीच्या उपनद्यांत ती सर्वांत मोठी होय.

आकडेवारीपेक्षा संगमावर उभे राहिले की ही गोष्ट लवकर पटते. नकाशावर गोदावरी मुख्य नदी आणि प्राणहिता उपनदी असली, तरी उन्हाळ्यात येथे दिसणारे दृश्य नेमके उलटे असते. गोदावरीचे पाणी वर पैठणच्या जायकवाडी धरणात आणि तेलंगणातील श्रीरामसागर धरणात अडवले जाते. त्यामुळे कोरड्या ऋतूत तिचे रुंद पात्र वाळूने भरलेले असते आणि तिच्यातून एखादी क्षीण धार वाहते. प्राणहितेवर मात्र चपराळ्यापासून संगमापर्यंत एकही मोठे धरण नाही. संगमाखालच्या गोदावरीत जे पाणी दिसते, त्यातील मोठा वाटा विदर्भातून आलेला असतो.

संगमानंतर गोदावरी आग्नेयेकडे वळते आणि महाराष्ट्र–तेलंगण सीमा बनून वाहते. सोमनूर येथे तिला बस्तरच्या डोंगराळ मुलखातून आलेली इंद्रावती मिळते. वरून आलेली प्राणहिता धरून या ठिकाणाला स्थानिक लोक त्रिवेणी संगम म्हणतात. प्रयागच्या त्रिवेणीतील तिसरी नदी गुप्त आहे. येथे तिन्ही नद्या प्रत्यक्ष आहेत, एवढेच की त्यांतील एक आपले नाव काही कोस आधीच सोडून आलेली आहे.

इतिहास

सिरोंचाचा प्रदेश ब्रिटिशपूर्व काळात हैदराबादच्या निजामाच्या ताब्यात होता. उत्तरेला अहेरीची जमीनदारी आणि चांद्याचे गोंड राज्य, पूर्वेला बस्तर संस्थान आणि दक्षिणेला तेलुगू मुलूख, अशा सीमेवर तो होता. दाट सागवान, तुरळक वस्ती आणि पावसाळ्यात चार महिने बंद होणारे रस्ते यांमुळे येथे कोणाचीही सत्ता फार खोलवर रुजली नाही.

१८५७ च्या उठावाचे पडसाद या नदीकाठावरही उमटले. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथील तळावर झालेल्या हल्ल्यात गार्टलँड आणि हॉल हे तारखात्याचे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. बाबुराव यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांदा येथे फाशी देण्यात आली. नदीकाठावर त्या वेळी तारखात्याची माणसे असणे हा योगायोग नव्हता. या खोऱ्यातून समुद्राकडे जाणारी वाट इंग्रजांच्या नजरेत तेव्हाच भरली होती.

१८६० चा तह

डिसेंबर १८६० मध्ये इंग्रज सरकार आणि निजाम यांच्यात झालेल्या तहाने सिरोंचाचे भवितव्य ठरले. १८५७ मधील साहाय्याबद्दल निजामाला रायचूर दुआब आणि धाराशीव हे प्रदेश परत मिळाले, सुरापूर संस्थान मिळाले आणि त्याच्यावरील कर्जही माफ झाले. त्याच्या मोबदल्यात निजामाने गोदावरीच्या डाव्या काठावरील तालुके इंग्रजांना दिले आणि नदीवरील वाहतूक जकातमुक्त करण्यास मान्यता दिली. मराठवाड्यातील धाराशीव निजामाकडे गेले आणि सिरोंचा त्याच्याकडून सुटले, या दोन गोष्टी एकाच कागदावर घडल्या. सध्याच्या शालेय पुस्तकांत या तहाचा उल्लेख क्वचित आढळतो. वास्तविक सिरोंचाजवळ आज जी महाराष्ट्र–तेलंगण सीमा नदीतून जाते, तिचे मूळ या तहात आहे.

मिळालेल्या तालुक्यांचा मिळून ‘अपर गोदावरी’ जिल्हा करण्यात आला आणि सिरोंचा त्याचे मुख्यालय झाले. सिरोंचापासून भद्राचलमच्या पुढे राकापल्लीपर्यंत नदीच्या कडेने पसरलेला हा लांबट, अरुंद जिल्हा होता. १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात तो समाविष्ट झाला. बस्तर संस्थानावरील देखरेखही काही काळ येथूनच होत असे. येथील डेप्युटी कमिशनर कॅप्टन ग्लासफर्ड याने १८६२ मध्ये बस्तरविषयी लिहिलेला अहवाल त्या प्रदेशाच्या अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो.

न झालेला जलमार्ग

इंग्रजांना हा अरुंद पट्टा जमिनीसाठी नको होता. त्यांना नदी हवी होती. नागपूर आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईला नेण्यासाठी त्या काळी बैलांचे तांडे आणि गाड्या यांशिवाय साधन नव्हते. तोच कापूस वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने थेट पूर्व किनाऱ्यावरील काकीनाडा बंदरापर्यंत नेता येईल, अशी कल्पना पुढे आली. राजमहेंद्रीजवळ दौलेश्वरमचा बंधारा बांधून गोदावरीचा त्रिभुज प्रदेश ओलिताखाली आणणारा अभियंता आर्थर कॉटन हा या योजनेचा मोठा पुरस्कर्ता होता. रेल्वेपेक्षा जलमार्ग स्वस्त, असे त्याचे ठाम मत होते. प्रत्यक्ष पाहणीचे आणि पुढे बांधकामाचे काम त्याचा सहकारी कॅप्टन हेग याच्याकडे आले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनीही योजनेचा पाठपुरावा केला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडल्यावर तर या योजनेला इंग्लंडमध्येही पाठिंबा मिळाला.

अडचण नदीच्या तळातच होती. पावसाळ्यानंतर पाणी उतरले की पात्रात तीन ठिकाणी खडकांचे लांबच लांब पट्टे उघडे पडत. पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्ली येथे आणि तिसरा प्राणहितेवर अहेरी भागात देवलमारी येथे. म्हणजे सिरोंचा दुसऱ्या आणि तिसऱ्या अडथळ्याच्या मधल्या मोकळ्या पाण्यावर वसले होते. दोन्हीकडच्या कामांवर लक्ष ठेवण्यासाठी मुख्यालय येथे ठेवणे सोयीचे होते. प्रत्येक अडथळ्यावर बंधारा बांधून पाणी चढवायचे, बाजूने कालवा काढायचा आणि कुलपी दरवाजांच्या साहाय्याने नावा वरखाली न्यायच्या, असा आराखडा होता. खालच्या टप्प्यात वाफेच्या छोट्या बोटीही चालवल्या गेल्या.

कामाला हात घातल्यावर खोऱ्याचे खरे स्वरूप कळले. मजूर बाहेरून आणावे लागत. हिवतापाने ते आजारी पडत किंवा पळून जात. दर पावसाळ्यात पूर अर्धवट बांधकामावरून जाई आणि हिवाळ्यात काम पुन्हा सुरू करावे लागे. याच काळात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईच्या गाडीत चढला. जलमार्गाचे मुख्य प्रयोजनच संपले. १८७१ मध्ये सरकारने काम थांबवण्याचा आदेश दिला. दुम्मागुडेमचे काम बरेचसे पुरे झाले होते आणि तेथील बंधारा आजही उभा आहे. इंचमपल्लीचे काम अर्धवट राहिले व देवलमारीचा आराखडा प्रत्यक्षात आला नाही.

या अपयशाचा हिशेब बहुधा पैशांत मांडला जातो. सिरोंचाच्या बाजूने पाहता त्याचा अर्थ वेगळा होता. जलमार्ग नाही म्हटल्यावर स्वतंत्र जिल्ह्याचीही गरज उरली नाही. १८७४ मध्ये अपर गोदावरी जिल्हा मोडला. भद्राचलम आणि राकापल्ली हे तालुके मद्रास प्रांताच्या गोदावरी जिल्ह्यास जोडले गेले आणि उरलेला भाग ‘सिरोंचा तहसील’ म्हणून चांदा जिल्ह्यात आला. नुगूर, अल्बाका आणि चेर्ला हे खालचे तालुकेही पुढे २० व्या शतकाच्या पहिल्या दशकात मद्रासकडे गेले. चौदा वर्षांचे मुख्यालय तहसीलचे गाव बनले आणि तेथून चांदा शहर गाठण्यास कित्येक दिवस लागू लागले.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला आणि सिरोंचा त्यात आले. त्याच्या दोन वर्षे आधी, १९८० मध्ये, नदी ओलांडून आलेल्या नक्षलवादी दलमांनी याच तालुक्यातून जिल्ह्यात प्रवेश केला होता. पुढील चार दशके रस्ते, पूल आणि दूरसंचार यांची कामे येथे रखडण्यामागे हेही एक कारण होते.

कोटा शैलसमूह आणि जीवाश्म

सिरोंचाच्या उत्तरेस प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे छोटे खेडे आहे. राजस्थानातील प्रसिद्ध कोटा शहराशी त्याचा संबंध नाही. भूशास्त्रात मात्र ‘कोटा शैलसमूह’ हे नाव या खेड्यावरून पडले आहे. १९ व्या शतकाच्या मध्यास येथील चुनखडीत माशांचे सुस्थितीतील जीवाश्म सापडले आणि ते इंग्लंडला अभ्यासासाठी पाठवले गेले. नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनीही या खडकांचा अभ्यास केला. हे थर ज्युरासिक कालखंडाच्या पूर्वार्धातील मानले जातात.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून आलेल्या ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ पामेला रॉबिन्सन यांच्या प्रेरणेने भूशास्त्राचा विभाग सुरू झाला. या विभागाच्या संशोधकांना १९५८ ते १९६१ या काळात सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्लीजवळ डायनोसॉरची सुमारे ३०० हाडे मिळाली. निदान सहा प्राण्यांची ती असावीत. १९६१ हे रवींद्रनाथ ठाकुरांचे जन्मशताब्दी वर्ष असल्याने त्या प्राण्याचे नाव ‘बारापासॉरस टागोराय’ असे ठेवण्यात आले. त्याचे शास्त्रीय वर्णन १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘बारापा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. सुमारे १४ मीटर लांबीचा हा शाकाहारी डायनोसॉर जगातील सर्वांत जुन्या महाकाय सॉरोपॉडांपैकी एक आहे. त्याचा जुळवलेला सांगाडा कोलकात्यातील संस्थेच्या संग्रहालयात आहे. ज्या तालुक्यात तो सापडला, तेथील विद्यार्थ्याला तो पाहण्यासाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते. तालुक्यातील वडधम येथे वनविभागाने जीवाश्म उद्यान उभारले असून तेथे दगड बनलेली झाडांची खोडे पाहता येतात.

भाषा आणि लोकजीवन

सिरोंचात उतरलेल्या प्रवाशाच्या कानावर प्रथम तेलुगू पडते. अंकिसा, आसरअल्ली, नगरम यांसारख्या गावांत घरची भाषा प्रामुख्याने तेलुगू आहे, तर जंगलपट्ट्यातील माडिया गोंड समाज आपली माडिया भाषा बोलतो. कचेरी आणि शाळा यांची भाषा मराठी. येथील बहुतेक माणसे या तिन्हींपैकी निदान दोन भाषांत सहज वावरतात. महाराष्ट्रात राहूनही मराठी ही ज्यांना शाळेत शिकावी लागते, अशा मुलांची संख्या येथे मोठी आहे, ही गोष्ट पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांच्या क्वचितच लक्षात येते. उलट या मुलांच्या बोलण्यातील मराठीत तेलुगूचा गोड हेल असतो आणि आरमोरी-वडसा भागातील झाडीबोलीपेक्षा ती अगदी निराळी वाटते.

सोयरीक, बाजार आणि उपचार यांसाठी लोक पूर्वापार नदीपलीकडे जात आले आहेत. दसऱ्यापूर्वी बायका फुलांची बतुकम्मा रचून फेर धरतात. गावातील वली हैदरशहा यांच्या दर्ग्याच्या उरुसाला दोन्ही काठांवरून सर्व धर्मांचे लोक येतात. १९ व्या शतकाच्या अखेरीस येथे अमेरिकन मेथडिस्ट मिशननेही काम सुरू केले होते. भात, कापूस आणि मिरची ही तालुक्यातील प्रमुख पिके होत. मिरची तोडण्याच्या हंगामात गडचिरोली जिल्ह्यातील हजारो मजूर तेलंगणात जातात. त्यांच्यासोबत मुलेही गेल्याने त्या महिन्यांत अनेक शाळांतील पट रोडावतो.

घाट, पुष्कर आणि पूल

सिरोंचाचा नदीकाठ वाराणसी किंवा नाशिकसारखा दगडी घाटांनी बांधलेला नाही. उंच मातीची दरड, तिच्यातून खाली जाणाऱ्या पायऱ्या आणि पुढे हिवाळ्यात दूरवर उघडी पडणारी वाळू, असे त्याचे रूप आहे. पावसाळ्यात हीच नदी दरडीच्या माथ्यापर्यंत येते. नदी पश्चिमेला असल्यामुळे सायंकाळी सूर्य पलीकडच्या तेलंगणातील झाडीमागे मावळतो आणि सगळे पात्र तांबूस होते.

तेलुगू प्रदेशातील पुष्कर परंपरेनुसार गुरू ग्रह ज्या राशीत प्रवेश करतो, त्या राशीच्या नदीचा उत्सव बारा दिवस चालतो. गोदावरीचा पुष्कर सिंह राशीत, तर प्राणहितेचा मीन राशीत येतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ आणि गोदावरी पुष्कर यांचे मूळ एकाच ग्रहगणितात आहे. दोन नद्यांच्या संगमावर असल्यामुळे सिरोंचाला बारा वर्षांत दोनदा ही पर्वणी लाभते. जुलै २०१५ मध्ये गोदावरीचा आणि १३ ते २४ एप्रिल २०२२ या काळात प्राणहितेचा पुष्कर येथे पार पडला. घाटावरील अलीकडची बांधकामे मुख्यतः या दोन पर्वण्यांच्या निमित्ताने झाली.

संगमाच्या पलीकडच्या काठावरील कालेश्वर हे तेलंगणाच्या जयशंकर भूपालपल्ली जिल्ह्यातील प्राचीन शिवक्षेत्र आहे. येथील मुक्तेश्वर मंदिरात एकाच शाळुंकेवर दोन लिंगे आहेत. एक यमाचे व दुसरे मुक्तेश्वराचे मानतात. श्रीशैल, द्राक्षाराम आणि कालेश्वर ही तीन शैव क्षेत्रे मिळून ‘त्रिलिंग’ देश होतो आणि त्यावरून तेलुगू हा शब्द आला, अशी एक परंपरागत व्युत्पत्ती सांगतात.

२१ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत या दोन काठांमधील व्यवहार नावांवर चालत असे. पावसाळ्यात नाव बंद झाली की सिरोंचा एका बाजूने जंगलाने आणि दुसऱ्या बाजूने पुराने वेढले जाई. त्यानंतर गोदावरी, प्राणहिता आणि इंद्रावती या तिन्ही नद्यांवर पूल झाले आणि निजामाबाद–जगदलपूर राष्ट्रीय महामार्ग सिरोंचातून अखंड जाऊ लागला. पुलांमुळे नावाड्यांचा व्यवसाय जवळजवळ संपला. मंचेरियाल व वरंगळ येथील रुग्णालये मात्र जवळ आली. बाळंतिणीला किंवा सर्पदंशाच्या रुग्णाला या अंतराचा अर्थ चांगला ठाऊक असतो.

मेडीगड्डा बॅरेज आणि बुडीत जमीन

जलमार्गाची योजना बंद पडल्यानंतर जवळपास दीड शतकाने सिरोंचाची नदी पुन्हा एका मोठ्या योजनेचा विषय झाली. तेलंगणातील कोरडवाहू भागाला पाणी देण्यासाठी प्राणहितेचे पाणी तुम्मिडीहेट्टी येथे अडवण्याचा मूळ बेत होता. त्यामुळे महाराष्ट्रातील वन आणि गावे पाण्याखाली जात असल्याने महाराष्ट्राने प्रस्तावित उंचीला हरकत घेतली. पुढे योजनेची फेरआखणी होऊन मुख्य बॅरेजची जागा संगमाखाली गोदावरीवर मेडीगड्डा येथे सरकली. २३ ऑगस्ट २०१६ रोजी दोन्ही राज्यांत करार झाला आणि मेडीगड्ड्याची पूर्ण संचय पातळी १०० मीटर निश्चित करण्यात आली.

सुमारे १.६ किलोमीटर लांबीच्या आणि ८५ दरवाजांच्या या बॅरेजचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले. त्याची साठवण क्षमता १६ टीएमसीहून थोडी अधिक आहे. येथून पंपांनी उचललेले पाणी अन्नारम, सुंदिल्ला आणि येल्लमपल्ली या टप्प्यांनी गोदावरीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने वर नेण्याची ही व्यवस्था आहे. बॅरेजचे डावे टोक सिरोंचा तालुक्यातील पोचमपल्ली येथे टेकते. तेच पोचमपल्ली, जेथे बारापासॉरसची हाडे मिळाली.

बॅरेजचे पाणी तेलंगणाच्या शेतीसाठी आहे. अडलेल्या पाण्याचा फुगवटा मात्र दोन्ही काठांवर चढतो. बॅरेजच्या वरच्या भागातील शेतात पाणी साचते, दरवाजे एकदम उघडल्यावर खालच्या बाजूच्या जमिनी खचून जातात आणि पीक कापणीआधीच नष्ट होते, अशी सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांची तक्रार आहे. भूसंपादन होऊन योग्य मोबदला मिळावा, यासाठी त्यांनी वेळोवेळी आंदोलने केली. जुलै २०२२ च्या महापुरात तालुक्यातील अनेक गावे रिकामी करावी लागली. भद्राचलम येथे त्या वेळी गोदावरीने ७१ फुटांची पातळी ओलांडली होती. १९८६ च्या पुरानंतरची ही सर्वांत उंच पातळी होय. एवढ्या अतिवृष्टीत नैसर्गिक पूर किती आणि बॅरेजमुळे चढलेले पाणी किती, हा वाद त्यानंतर तीव्र झाला. शेतकऱ्याच्या दृष्टीने या वादाला व्यावहारिक महत्त्व आहे. पूर नैसर्गिक ठरला तर शासकीय निकषांनुसार एकवेळची मदत मिळते; बुडीत क्षेत्र ठरले तर जमिनीचा मोबदला मिळतो.

२१ ऑक्टोबर २०२३ रोजी बॅरेजच्या सातव्या विभागातील काही खांब खचले. त्यावरील वाहतूक बंद करण्यात आली आणि साठा सोडून देण्यात आला. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाने पाहणी करून नियोजन, आराखडा आणि बांधकामाचा दर्जा यांतील त्रुटींकडे बोट दाखवले. तेलंगण सरकारने २०२४ मध्ये न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांचा चौकशी आयोग नेमला. तेथील चर्चा स्वाभाविकपणे प्रकल्पाचा खर्च आणि जबाबदारी यांभोवती फिरली. डाव्या काठावरील जमिनींचा प्रश्न तिच्यात क्वचितच आला.

बॅरेजचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. गोदावरीतील गोड्या पाण्यातील मोठा झिंगा अंडी घालण्यासाठी समुद्राकडील मचूळ पाण्यात उतरतो आणि त्याची पिल्ले पुन्हा नदीने वर येतात. दौलेश्वरमपासून मेडीगड्ड्यापर्यंत प्रत्येक नवा अडथळा हा प्रवास अवघड करतो. प्राणहितेच्या झिंग्यांवर पोट असणाऱ्या मासेमारांचे नाव बुडीत क्षेत्राच्या कोणत्याही यादीत येत नाही.

एका दिवसाची भ्रमंती

सिरोंचाला रेल्वे नाही. विदर्भातून येणाऱ्यांसाठी आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी आणि आलापल्ली असा राष्ट्रीय महामार्ग ३५३सी हा सरळ मार्ग होय. आलापल्लीपासून पुढचा सुमारे १०० किलोमीटरचा टप्पा बहुतांश सागाच्या जंगलातून जातो. एसटी बस उपलब्ध आहे, परंतु आरमोरीहून त्याच दिवशी जाऊन परत येणे व्यवहार्य नाही. आदल्या रात्री सिरोंचा किंवा आलापल्ली येथे मुक्काम करावा लागतो. रेल्वेने येणाऱ्यास तेलंगणातील मंचेरियाल किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारशा येथे उतरता येते.

दिवसाची सुरुवात पूर्वेकडून करणे सोयीचे ठरते. सकाळी अंकिसा-आसरअल्ली मार्गाने सोमनूरला गेल्यास इंद्रावतीचे निळसर पाणी गोदावरीत मिसळताना स्पष्ट दिसते. ऊन चढल्यावर वाळू तापते आणि काठाला सावली फारशी नाही. परतीच्या वाटेवर पोचमपल्लीच्या बाजूने मेडीगड्डा बॅरेज दिसते. दुपारी पूल ओलांडून कालेश्वरचे दर्शन आणि संगम पाहावा. वडधमचे जीवाश्म उद्यान आदल्या दिवशी येताना पाहिलेले बरे, कारण ते याच दिवसात कोंबले तर घाटासाठी वेळ उरत नाही.

गावातील ब्रिटिशकालीन विश्रामगृह हे मुख्यालयाच्या काळाची आठवण देणाऱ्या मोजक्या वास्तूंपैकी एक आहे. जाड भिंती आणि उंच छत यांवरून येथील उन्हाळ्याची कल्पना येते. ‘अपर गोदावरी’ जिल्ह्याचा उल्लेख करणारा फलक गावात लावल्यास येणाऱ्या विद्यार्थ्यांची मोठी सोय होईल. सूर्यास्ताच्या सुमारास प्राणहितेच्या घाटावर असावे. पाणी उथळ दिसले तरी वाळूखाली खोल डोह असतात आणि वरच्या धरणांतून विसर्ग झाल्यास पातळी अचानक वाढते. त्यामुळे स्थानिकांना विचारल्याशिवाय पात्रात उतरू नये. भेटीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने योग्य आहेत. जुलै ते सप्टेंबरमध्ये ओढ्यांच्या पुरामुळे आलापल्ली मार्ग अनेकदा बंद होतो.

वेळ हाताशी असल्यास परतीच्या प्रवासात अहेरी तालुक्यातील कमलापूर येथील वनविभागाचा हत्ती कॅम्प पाहता येतो. जंगली म्हशींसाठी राखलेले कोलामार्का अभयारण्यही याच परिसरात असून तेथे जाण्यासाठी सिरोंचा वनविभागाची परवानगी आधी घ्यावी लागते.